‘मेनी’ खोडून ‘प्लेथोरा’ लिहिण्याआधी

परीक्षांचा हंगाम आला की एक मेसेज हमखास फिरू लागतो. कधी चित्र, कधी अर्ध्या मिनिटाची रील. सांगणं एकच: ‘मेनी’ आणि ‘अ लॉट ऑफ’ हे चौथी-पाचवीतले शब्द झाले, ते टाका आणि डोळे मिटून तिथे ‘प्लेथोरा’ लिहा. अर्थ तोच, शब्द मूळचा लॅटिन म्हणून वजनदार, आणि आयईएलटीएसच्या (परदेशी शिकायला जाणारे देतात त्या इंग्रजीच्या परीक्षेच्या) निबंधात तो दिसला की परीक्षक खूश, बँड म्हणजे श्रेणी वर. यातलं लॅटिनचं तेवढं अर्धं खरं आहे. बाकीचं तपासून पाहू.

आधी ‘अर्थ तोच’ हे घ्या, कारण खरं नुकसान इथेच होतं. केंब्रिज किंवा ऑक्सफर्डचा विद्यार्थ्यांसाठीचा कोश उघडला तर ‘प्लेथोरा’पुढे नुसतं ‘पुष्कळ’ लिहिलेलं नसतं. लागतं त्याहून जास्त, आवरता येणार नाही इतकं, अशी पुस्ती त्याला जोडलेली असते. हा फरक मराठी माणसाला वेगळा समजावून सांगायची खरं तर गरज नाही. लग्नात जिलब्यांची रेलचेल असते, डासांचा सुळसुळाट होतो, आंबा उदंड येतो आणि गल्लोगल्ली क्लासचं पेव फुटतं. हे सगळे ‘खूप’च आहेत, पण ‘काल तुमच्याकडे पाहुण्यांचा सुळसुळाट होता’ असं कोणी म्हणालं तर यजमान काय समजायचं ते समजतो. ‘प्लेथोरा’ची जागा रेलचेलीपेक्षा पेव फुटण्याच्या जवळ आहे. (पेव म्हणजे जमिनीखालचं कोठार.)

आता निबंधात काय होतं ते पाहा. विद्यार्थ्याला लिहायचं असतं की आपल्या देशात अनेक गरीब लोक आहेत. मेसेजचा सल्ला मानून तो लिहितो, ‘देअर इज अ प्लेथोरा ऑफ पुअर पीपल इन इंडिया’. त्याच्या मनात कळकळ आहे, पण वाचणाऱ्याला ऐकू येतं ते ‘गरिबांचा नुसता सुळसुळाट झालाय’ असं काहीसं. निरोप समारंभातलं ‘आय थँक माय प्लेथोरा ऑफ टीचर्स’ हेही त्याच जातीचं. इतके शिक्षक कशाला होते, असा सूर त्यातून निघतो. उलट ‘ओटीटी अ‍ॅपचा प्लेथोरा’, ‘एकाच कामासाठी फॉर्मचा प्लेथोरा’ असं लिहा, शब्द चपखल बसतो. तिथे जास्तीचा वैताग आहेच.

आता लॅटिन. शब्द लॅटिनमधून इंग्रजीत आला हे खरं, पण तो जन्माने ग्रीक. ‘प्लेथोरे’ म्हणजे भरलेपण. आणि इंग्रजीत तो सोळाव्या शतकात शिरला तो राजदरबारातून किंवा कवितेतून नव्हे. तो वैद्यांचा शब्द होता, आणि त्याचा अर्थ होता अंगात रक्त किंवा इतर द्रव वाजवीपेक्षा जास्त साठणं. ज्याला लोक शाही शब्द म्हणून मिरवतात तो शेकडो वर्षं एका दुखण्याचं नाव होता.

त्या दुखण्यामागे मोठा वाद आहे. इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात एरासिस्ट्राटस नावाचा वैद्य होता. त्याच्या मते शिरांत रक्त असतं आणि धमन्यांत एक प्रकारची हवा. खाणं जास्त झालं की शिरा तट्ट भरतात, रक्त धमन्यांत घुसतं आणि ताप येतो, सूज येते. त्याचा उपाय साधा होता: उपास घाला. पुढे इसवीसनाच्या दुसऱ्या शतकात रोममध्ये गेलेन हा वैद्य आला. जास्तीच्या रक्ताची कल्पना त्याला मान्य होती, उपासावर भागवणं मान्य नव्हतं. रक्त जास्त आहे ना, मग शीर उघडा आणि काढून टाका! एरासिस्ट्राटसच्या अनुयायांविरुद्ध त्याने स्वतंत्र ग्रंथच लिहिला. युरोपने पुढची दीड हजार वर्षं गेलेनचं ऐकलं. 1799च्या डिसेंबरात अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांचा घसा सुजला तेव्हा एका दिवसात चार वेळा मिळून दोन लिटरांहून अधिक रक्त काढलं गेलं, आणि त्याच रात्री ते गेले. रक्त शोषायला एकट्या फ्रान्सने 1833 साली चार कोटींहून अधिक जळवा बाहेरून मागवल्या होत्या. त्याच सुमारास पॅरिसमध्ये पिएर लुई नावाच्या डॉक्टरने न्यूमोनियाच्या रोग्यांच्या नोंदी ठेवून, आकडे मांडून दाखवलं की रक्त काढल्याने फारसा फायदा होत नाही. मग ही लाट हळूहळू ओसरली.

शब्द मात्र दवाखान्यात अजून आहे. हृदयाच्या पडद्याला छिद्र असलेल्या मुलाच्या छातीचा एक्स-रे काढला तर फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या ठसठशीत, फुगलेल्या दिसू शकतात, आणि रिपोर्टात ‘पल्मनरी प्लेथोरा’ असं लिहून येतं. कुशिंग सिंड्रोममध्ये (अंगात कॉर्टिसॉल हे संप्रेरक जास्त होण्याचा विकार) किंवा तांबड्या पेशी बेसुमार वाढण्याच्या आजारात चेहरा लालबुंद होतो, त्यालाही डॉक्टर हाच शब्द वापरतात. गंमत म्हणजे त्या दुसऱ्या आजारात आजही ठरावीक काळाने थोडं रक्त काढतात. गेलेन तेवढ्यापुरता पास.

मूळ आणखी मागे नेलं तर शब्द आपल्या घरात येतो. ‘प्लेथोरा’, लॅटिनमधलं ‘प्लेनस’ आणि त्यातून आलेलं ‘प्लेंटी’, इंग्रजी ‘फुल’ आणि संस्कृत ‘पूर्ण’ ही सगळी एकाच धातूची पिलावळ आहे, भरणे या अर्थाची. पोळीतलं पुरण त्याच कुळातलं, आणि वाढणाऱ्याला आपण हात आडवा करून जे ‘पुरे’ म्हणतो तेही.

मेसेजचं तिसरं म्हणणं, शब्द ‘मेनी’च्या जागी डोळे मिटून बसतो. नाही बसत. ‘हाउ मेनी’, ‘टू मेनी’, ‘नॉट मेनी’, ‘मेनी ऑफ अस’ यांत ‘प्लेथोरा’ घालून बघा, वाक्यच मोडतं. ‘मेनी’ विशेषणासारखा नामाला थेट लागतो, ‘प्लेथोरा’ स्वतः नाम आहे. त्याच्या आधी ‘अ’ आणि नंतर ‘ऑफ’ लागतोच. मेसेज वाचून लिहिलेलं ‘आय हॅव प्लेथोरा फ्रेंड्स’ दोन्हीकडून लंगडं असतं.

मार्कांचं म्हणाल तर आयईएलटीएसच्या लेखनात चार निकष आहेत आणि चौघांना सारखंच वजन. शब्दसंपत्ती हा त्यातला एक. त्यातही वरच्या बँडसाठी नुसता कमी वापरातला शब्द पुरत नाही, तो कुठल्या शब्दाशेजारी आणि कुठल्या सुरात शोभतो याची जाण दिसावी लागते. गरिबांच्या वाक्यात ‘प्लेथोरा’ कोंबणारा नेमका तिथेच मार खातो. शिवाय लेखनातला निबंध चाळीस मिनिटांत किमान अडीचशे शब्दांचा लिहायचा असतो. एवढ्याशा मजकुरात पाठ केलेला शब्द लपत नाही, आणि तो मेसेज परीक्षकापर्यंत पोचलेला नाही असं समजायचं काही कारण नाही.

या मेसेजला उत्तर म्हणून हल्ली उलटा मेसेजही फिरतो: ‘प्लेथोरा’ फक्त वाईट अर्थानेच वापरायचा, चांगल्या गोष्टीला लावला तर चूक. हाही अतिरेकच. बऱ्याच काळापासून इंग्रजी लेखक तो नुसत्या विपुलतेसाठीही वापरत आले आहेत, आणि मेरियम-वेबस्टरसारखे कोश आधी ‘अतिरेक’ आणि मग ‘विपुलता’ असे दोन्ही अर्थ देतात. तेव्हा ‘अ प्लेथोरा ऑफ चॉइसेस’वर लाल शाई चालवणाऱ्या मास्तरांनीही जरा दमानं घ्यावं. भाषा शिकणाऱ्याने मात्र आधी जास्तीचा अर्थ पक्का करावा, तिथे पाय घसरत नाही.

उच्चाराबद्दल मेसेज काही सांगत नाही, पण तोंडी परीक्षेत तोही निघतो. आपल्याकडे ‘थो’वर जोर देऊन ‘प्लेथोsरा’ म्हणतात, मीही इथे रूढ आहे म्हणून तसंच लिहिलं. इंग्रजीत जोर ‘प्ले’वर आहे आणि पुढचं जवळजवळ गिळायचं: प्लेथरा.