चौदा जुलैला राजा पडला नव्हता

जुलै उजाडला की एक फॉरवर्ड हमखास फिरू लागतो. मजकूर साधारण असा: 'राणी म्हणाली, पाव नसेल तर केक खा. भुकेली जनता खवळली. १४ जुलै १७८९ रोजी तिने बॅस्टिल फोडून शेकडो देशभक्त कैदी सोडवले, राजाचं मुंडकं उडवलं आणि फ्रान्समध्ये लोकशाही आली. एका दिवसात! आपली जनता कधी जागी होणार?' शेवटच्या प्रश्नाशी मला भांडायचं नाही. त्याच्या आधीचं जवळजवळ प्रत्येक वाक्य मात्र लंगडं आहे.

राणीचं वाक्य आधी निकालात काढू. विचारवंत रूसोच्या आत्मचरित्रात ते कुणा 'थोर राजकन्ये'च्या तोंडी येतं, नाव न घेता. तो भाग लिहिला गेला तेव्हा ही राणी, म्हणजे मारी आंत्वानेत, ऑस्ट्रियातली दहा-बारा वर्षांची पोर होती. सून म्हणून ती फ्रान्सला आली १७७० साली. राणी उधळी होती, लोकांच्या मनातून उतरली होती, हे खरं. पण हे वाक्य तिच्या नावावर खपवायला पुरावा नाही.

'भुकेली जनता खवळली' हे अर्धं खरं. १७८८ साली गारपिटीने पिकं झोडपली आणि पुढच्या वर्षी पॅरिसच्या मजुराची निम्म्याहून जास्त कमाई नुसत्या पावावर जाऊ लागली. पण फ्रान्सने दुष्काळ आधीही पाहिले होते, त्यात राजवट पडली नव्हती. या वेळी राजाचीच तिजोरी खडखडाट होती. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात पैसा ओतून कर्ज इतकं वाढलं की उत्पन्नाचा निम्मा वाटा त्याच्या हप्त्या-व्याजातच जाई, आणि बडे लोक आपल्या करसवलती सोडायला तयार नव्हते. म्हणून सोळाव्या लुईने धर्मगुरू, सरदार आणि बाकी सगळे अशा तीन वर्गांची सभा बोलावली. १६१४ नंतर पहिल्यांदाच. ५ मे १७८९ ला ती व्हर्सायला, राजाच्या मुक्कामी, भरली आणि लगेच अडली, तीही कशावर? मत वर्गाला एक की माणशी एक, यावर. १७ जूनला तिसऱ्या वर्गाने आपणच राष्ट्रीय सभा असल्याचं जाहीर करून टाकलं. तीन दिवसांनी सभागृहाला टाळं दिसलं, तेव्हा ही मंडळी जवळच्या टेनिसच्या दालनात शिरली आणि राज्यघटना झाल्याशिवाय पांगणार नाही अशी शपथ घेऊन बसली. त्यांत वकिलांचा भरणा मोठा. राजाच्या सत्तेला पहिला सुरुंग लागला तो असा, कामकाजाच्या नियमावरून. फॉरवर्डमध्ये हे कधीच नसतं, कारण याचं पोस्टर होत नाही.

भुकेने राजाला खरोखर जागचं हलवलं ते ऑक्टोबरात. पॅरिसच्या बाजारातल्या बायका पावसात पायपीट करत व्हर्सायला धडकल्या आणि दुसऱ्या दिवशी राजाराणीला घेऊनच परतल्या. तेव्हापासून राजा पॅरिसकरांच्या नजरकैदेत असल्यासारखाच होता.

आता बॅस्टिल, म्हणजे पॅरिसमधला किल्लावजा तुरुंग. शेकडो देशभक्त? आत सात कैदी होते. चार बनावट हुंड्यांचे गुन्हेगार, दोन वेडे, आणि एक सरदार घराण्यातला इसम, ज्याला घरच्यांच्याच विनंतीवरून डांबलं होतं. लोक गेले होते दारूगोळ्यासाठी. त्या सकाळीच त्यांनी इन्व्हालिद या जखमी-म्हाताऱ्या सैनिकांच्या आश्रमातून हजारो बंदुका उचलल्या होत्या, पण ठासायला दारू नव्हती. ती बॅस्टिलमध्ये होती. शंभराच्या आसपास हल्लेखोर त्यात मेले. मुंडकं त्या दिवशी उडालं, नाही असं नाही. पण ते किल्लेदाराचं.

राजाच्या रोजनिशीत त्या तारखेपुढे 'काही नाही' असं लिहिलेलं आहे. यावरूनही लोक त्याची टर उडवतात; ती नोंद शिकारीची होती, त्या दिवशी काही मारलं नाही इतकंच. तीन दिवसांनी तो पॅरिसला आला आणि त्याने टोपीला क्रांतीची तिरंगी फीत लावून घेतली. बरोबर वर्षाने, १४ जुलै १७९० ला, प्रचंड गर्दीसमोर त्याने राष्ट्राशी निष्ठेची शपथही घेतली. १७९१च्या घटनेने त्याला गादीवर ठेवलं, नकाराधिकारासकट. त्याची पत गेली ती त्याच वर्षी जूनमध्ये, वेश पालटून सरहद्दीकडे पळताना व्हारेन गावात पकडला गेला तेव्हा. मग परकीय सैन्याशी युद्ध, १० ऑगस्ट १७९२ ला तुइलरी राजवाड्यावर हल्ला, २१ सप्टेंबरला राजेशाही रद्द. राजाला गिलोटिनवर चढवलं २१ जानेवारी १७९३ ला. बॅस्टिलनंतर साडेतीन वर्षांनी, आणि जमावाने नव्हे, निवडून आलेल्या सभेने खटला चालवून.

'लोकशाही आली' हे तर सगळ्यात धाडसी विधान. १७९१ ला मत होतं ते तीन दिवसांच्या मजुरीइतका कर भरणाऱ्या पुरुषालाच. १७९३च्या घटनेने जवळजवळ सगळ्या पुरुषांना मत दिलं, पण ती कधी अंमलातच आली नाही. १७९३-९४च्या 'दहशतीच्या' काळात, म्हणजे क्रांतीचं सरकार विरोधकांच्या मागे लागलं तेव्हा, सुमारे १७ हजार लोकांना न्यायालयांनी मृत्युदंड दिला. त्यात सरदारांपेक्षा सामान्यच कितीतरी जास्त. नंतर पाच संचालकांचं सरकार, १७९९ ला नेपोलियन बोनापार्ट, १८०४ ला तोच सम्राट, आणि १८१४ ला गादीवर कोण? गिलोटिनवर चढवलेल्या राजाचा सख्खा भाऊ. १८३०, १८४८, १८७० अशी आणखी तीनदा राजवट उलथली. ३० जानेवारी १८७५ ला राष्ट्राध्यक्षाच्या निवडीच्या कलमात 'प्रजासत्ताक' हा शब्द घालायचा की नाही यावर मतदान झालं. ३५३ विरुद्ध ३५२. एका मताने प्रजासत्ताक तरलं. बायकांना मताचा हक्क मिळायला त्यानंतर १९४४ उजाडलं.