टॅक्स वाचतो म्हणे, हद्दीबाहेर!

‘पुणेकरांनो, महापालिकेला पोसणं बंद करा!’ अशी आरोळी ठोकून सुरू होणारा एक मेसेज सध्या घरोघरच्या ग्रुपवर फिरतोय. म्हणणं थोडक्यात असं : हद्दीबाहेर ग्रामपंचायतीत फ्लॅट घ्या, टॅक्स एक तृतीयांश. राहत्या घराची ४० टक्के सवलत महापालिकेनं कायमची बंद केली. गावात विहिरीचं नैसर्गिक पाणी, क्लोरीनचं विष नाही, पाणीपट्टी नावापुरती. हवा शुद्ध, स्टँप ड्युटी कमी, ऑफिस वीस मिनिटांवर. आणि वाचलेल्या टॅक्समध्ये मुलांचं शिक्षण.

असल्या मेसेजना उत्तरं देत बसायला मला वेळ नाही. पण हा वाचून माझ्या भाच्यानं हद्दीबाहेरच्या एका फ्लॅटचं टोकन भरलं. घरात दहा महिन्यांचं पोर आहे. ‘मावशी, वर्षाला पंधरा हजार वाचतात गं,’ म्हणाला, तेही इतक्या समाधानानं की माझा चहा गार झाला. म्हणून हे सगळं.

पाण्यापासूनच सुरू करते, मेसेजातला क्रम गेला खड्ड्यात.

‘क्लोरीनचं विष नाही’ हे वाक्य लिहिणारा माणूस जानेवारी २०२५ मध्ये कुठे होता? सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, किरकटवाडी, नांदेड, खडकवासला, नांदोशी, धायरी या भागांत, तेव्हा गुइलेन बारे सिंड्रोमचे म्हणजे जीबीएसचे रुग्ण एकामागून एक सापडत होते. आधी जुलाब, मग पायातली ताकद जाते, हात उचलत नाही, काहींना थेट व्हेंटिलेटर. पुणे आणि आसपासचे धरून संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला. माणसं दगावली. केंद्राचं पथक आलं. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला, जो दूषित अन्नपाण्यातून पोटात जातो. संशयाची सुई पहिल्यापासून पाण्याकडे होती, आणि या भागाला पाणी पुरवणारी नांदेड गावातली विहीर सगळ्या बातम्यांत होती. खडकवासला धरण अगदी उशाशी, पण या गावांना शुद्धीकरण केंद्रातलं पाणी नव्हतं. विहिरीत आलेलं कच्चं पाणी, त्यात क्लोरीन टाकायचा आणि ते नळाला सोडायचं. त्या पाण्यात आणि आजारात उभा होता तो एवढा क्लोरीनच. ज्याला हा मेसेज विष म्हणतो.

‘आमच्याकडे आरओ आहे’ हे पुढचं उत्तर मला पाठ आहे. त्याच साथीत त्या भागातले काही खासगी आरओ प्रकल्प पाणी खराब निघालं म्हणून महापालिकेला बंद करावे लागले होते. आणि सोसायट्यांमधला तो टीडीएस मीटर! टँकर येतो, वॉचमन टाकीत बांबू सोडून पातळी बघतो, वहीत गाडीचा नंबर लिहितो. मग कमिटीतले कोणी काका ऐटीत मीटर बुडवून ‘दोनशे चाळीस, ओके’ म्हणतात आणि पाइप आत जातो. काका, तो मीटर पाण्यातले क्षार मोजतो. जंतू किती आहेत हे त्याला कळत नाही. क्लोरीन तपासायची साधी किट काही जास्त महाग नसते, पण ती मी फार थोड्या सोसायट्यांत पाहिली आहे.

आता यावर कोणी चलाख म्हणेल, अहो, ही गावं तेव्हा महापालिकेतच होती! होती. २०१७ मध्ये हद्दीत घेतलेल्या अकरा गावांत धायरी आली, ३० जून २०२१ ला घेतलेल्या तेवीस गावांत बाकीची. टॅक्सची बिलं आधी पोचली, शुद्ध पाणी पोचलं नाही. हे मी नाइलाजानं कबूल करते, कारण ते खरं आहे. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी तर वर्षानुवर्षं अख्ख्या पुण्याचा कचरा उशाशी सोसला. वर महापालिकेचा टॅक्स आला, तेव्हा ते भांडले आणि २०२४ मध्ये वेगळी नगरपरिषद घेऊन बाहेर पडले. त्यांचा राग मला शंभर टक्के समजतो.

पण यातून निघतं काय? नकाशावरची रेघ टॅक्सचा दर बदलते, नळाला येणारं पाणी नाही. रेघेच्या आतल्या धायरीला जे मिळालं नाही, ते रेघेच्या बाहेरची ग्रामपंचायत वीस मजली टॉवरना देणार कुठून? तिची नळयोजना गावठाणाच्या मापाची. म्हणून तर परवानगी घेताना बिल्डरकडून हमीपत्र लिहून घेतात की सार्वजनिक पुरवठा येईपर्यंत पाण्याची सोय मी करीन. ती तो करतोही, ताबा देईपर्यंत. सोसायटी स्थापन झाली की टँकरवाल्याचा नंबर सेक्रेटरीच्या फोनमध्ये येतो आणि हमीपत्र कुठल्यातरी फायलीत जातं.

आता भाच्याचे पंधरा हजार. शहरी पाण्याचा सरकारी निकष माणशी रोज १३५ लिटर. शंभर फ्लॅट, घरात चार माणसं, म्हणजे रोज ५४,००० लिटर. दहा हजार लिटरचे साधारण साडेपाच टँकर. टँकर हजार रुपयांना धरू (मे महिन्यात हा भाव सांगितलात तर टँकरवाला फोन ठेवेल). रोजचे साडेपाच हजार, महिन्याचे १,६५,०००, घरटी १,६५०. वर्षातून सहाच महिने टँकर लागला तरी ९,९००. बारमाही लागला तर १९,८००. पंधरा हजार वाचवायला निघालेला माणूस जवळजवळ वीस हजार भरून आला, आणि हा पैसा मेंटेनन्समध्ये जातो म्हणून कोणी त्याला टॅक्स म्हणत नाही. महापालिकेच्या बिलावर निदान जललाभ कर, जलनिस्सारण लाभ कर, सफाईपट्टी, शिक्षण कर असं ओळीनं लिहिलेलं असतं. कशाचे पैसे घेतले आणि काय दिलं नाही, हे कागद नाचवून विचारता येतं. टँकरवाल्याला काय विचारणार? पुढच्या उन्हाळ्यात तो फेरीच बंद करील.

एक तृतीयांश टॅक्सचं म्हणाल, तर ग्रामपंचायतीचा कर कमी असतो हे कोणी नाकारत नाही. किती कमी, ते गावागावावर आहे. पण तो तुम्हाला वीस वर्षांच्या कर्जाइतका पुरेल हे कोणी सांगितलं? २०१७ मध्ये अकरा गावं, चारच वर्षांत तेवीस. २०२१ च्या त्या एका आदेशानं पुणे क्षेत्रफळात राज्यातली सगळ्यात मोठी महापालिका झाली. त्यात आत आलेल्या वाघोलीत ‘ग्रामपंचायत हद्द, कमी टॅक्स’ म्हणून ज्यांनी फ्लॅट घेतले, त्यांच्या हातात पुढे महापालिकेचं बिल आलं. कायद्यात एवढीच दया आहे की नव्या गावांना पूर्ण दर एकदम लागत नाही, २०-२० टक्क्यांच्या पायऱ्यांनी चढतो. म्हणजे सवलत आहे ती काही वर्षांची, आणि हिशेब मांडला आहे जन्माचा.

४० टक्के सवलतीची गोष्ट तर शुद्ध शिळी बातमी आहे. मधल्या काळात ती काढून घेतली होती, लोक चिडले होते, मीही चिडले होते. २०२३ मध्ये राज्य सरकारनं ती परत दिली. स्वतः राहत असाल तर पीटी-३ अर्ज भरा, पुरावे जोडा, मिळते. अर्ज न भरता ‘बंद केली, बंद केली’ म्हणून बोंबलणारे आमच्या बिल्डिंगमध्येच दोघे आहेत. शिवाय बिल वेळेत भरलं तर सर्वसाधारण करात पाच-दहा टक्के वेगळे सुटतात. उलट थकवलंत तर महिन्याला दोन टक्के दंड चढतो, तो मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही.

स्टँप ड्युटी : हो, कमी आहे. शहरात मेट्रोचा अधिभार धरून ७ टक्के पडते, ग्रामीण हद्दीत त्याहून कमी. एकरकमी वाचतात, घ्या. घर बायकोच्या नावावर घेतलं तर आणखी एक टक्का वाचतो, आणि त्यासाठी गाव बदलावं लागत नाही.

शुद्ध हवेबद्दल काय बोलू. वाघोलीकडे दगडखाणी नि क्रशर आहेत, रात्री डंपर चालतात, आणि घंटागाडी येत नाही तिथे कचऱ्याचं काय करतात हे संध्याकाळी खिडकी उघडल्यावर नाकाला कळतं. ‘वीस मिनिटांत ऑफिस’ हे रविवारी सकाळी सात वाजता मोजलेलं असणार. नगर रस्त्यावर सोमवारी मोजून दाखवा.

बाहेर राहूच नये, असं मी म्हणत नाही. शहरात दोन खोल्यांचे भाव बघितले की पोरांनी जायचं कुठे, हा प्रश्न मलाही पडतो. बजेट तेवढंच आहे म्हणून जायचं तर जरूर जावं, पण टॅक्स वाचतो म्हणून नव्हे.

भाच्याला एवढंच सांगितलं आहे : त्या प्रकल्पाच्या पहिल्या फेजमध्ये माणसं राहायला आली आहेत, त्यांच्या सेक्रेटरीला गाठ आणि एप्रिल-मेची टँकरची बिलं बघायला माग. पाणी कुठून भरून येतं, शेवटचं कधी तपासलं, तेही विचार. सेल्स ऑफिसात विचारू नकोस. तिथे गेल्या गेल्या हातात बिसलरी देतात.