थंड घेणार ना?

उन्हाळ्याच्या दुपारी काका दारात आले की त्यांना आधी बसवा, पंखा पाचवर करा आणि चहाचं विचारा. काका हात आडवा करतील. "नको रे बाबा, तीन महिन्यांची साखर वाढलीय. टाकलासच तर बिनसाखरेचा टाक." इथे तुमच्या आतिथ्याची परीक्षा आहे. बिनसाखरेचा चहा पुढे करून मोकळं होणं हे आळशी यजमानाचं लक्षण. तुम्ही फक्त एवढंच म्हणा, "मग थंड घेणार ना?" काकांचा चेहरा खुलतो. "थंड चालेल. पण अर्धाच ग्लास हं."

थंडात साखर नसते, हे लक्षात ठेवा. साखर चहात असते, श्रीखंडात असते, शेजारणीनं आणून दिलेल्या करंजीत तर असतेच असते. थंडात फक्त थंडावा. पूर्वी या एका शब्दात पन्हं, कोकम सरबत, ताक, झालंच तर माठातलं वाळा घातलेलं पाणी, अशी सगळी मंडळी दाटीवाटीनं बसायची. मग टीव्हीवरच्या कोलाच्या जाहिरातीनं ठंडा म्हणजे काय ते हिंदीतून समजावून सांगितलं आणि या मंडळींनी गपचूप बाकावरून उठून जागा दिली. आता पाहुण्याला ताक विचारलं तर घरात काही अडचण आहे का, असं तो बघतो.

एक पथ्य मात्र कटाक्षानं पाळा. बाटली कधीही उघडी आणि कोमट ठेवू नका. आमच्याकडे बारशाच्या गडबडीत दोन लिटरची एक बाटली रात्रभर ओट्यावर तशीच राहिली. सकाळी पोरानं भलामोठा घोट घेतला आणि बेसिनकडे धावला. "आई, यात कुणीतरी पाक ओतलाय!" कुणी काही ओतलं नव्हतं. आदल्या संध्याकाळी त्यानंच मागून मागून घेतलेला माल होता तो, फक्त गारवा आणि बुडबुडे निघून गेले होते. कोलात फॉस्फोरिक आम्ल असतं, ते गोडीला दाबून धरतं. उरलेली कामगिरी बर्फ आणि फेस पार पाडतात. जिभेला या तिघांनी गुंतवून ठेवलं की शंभर मिलिलिटरमागे साडेदहा ग्रॅम साखर घशाखाली सुखरूप उतरते. हेच आम्ल जाता जाता दातांवरचं कवचही थोडं थोडं विरघळवतं, पण दातांचे डॉक्टरही आपल्याच समाजातले, त्यांचंही पोट आहे.

साडेदहा ग्रॅम म्हणजे किती, असल्या फंदात पडू नका. पडलातच तर एक स्टीलचं पातेलं घ्या, त्यात ६०० मिलिलिटर पाणी घाला आणि चहाचे सोळा चमचे साखर मोजून टाका. सातव्या-आठव्या चमच्याला हात आपोआप थांबतो, म्हणून सांगतो, करू नका. एका बाटलीत तेवढी असते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सांगून ठेवलंय की वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सहा चमच्यांत राहिली तर उत्तम. त्यांना काय जातंय सांगायला, त्यांच्याकडे पाहुणे येत नाहीत. काकांनी नाकारलेल्या चहात दीड चमचा पडली असती. त्यांच्या अर्ध्या ग्लासात तीन पडल्या. काका एकटे नाहीत म्हणा. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, पाहणीचे आकडे २०२३ मध्ये आले, त्यात देशातले मधुमेही दहा कोटींच्या वर होते. एवढ्या लोकांना आपण चहा नाही विचारायचा तर काय विचारायचं?

चारचौघांत कुणी शीतपेयांना नावं ठेवू लागलाच, तर विषय तातडीनं कीटकनाशकांकडे वळवा. हा हुकमी एक्का आहे. ऑगस्ट २००३ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटनं बारा शीतपेयांत कीटकनाशकांचे अंश असल्याचं जाहीर केलं. देशभर गदारोळ झाला. शरद पवारांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती बसली आणि २००४ मध्ये तिनं निष्कर्ष बरोबर असल्याचं सांगितलं. काम चोखच झालं होतं. पण त्या सगळ्या काळात आपण दिवाणखान्यात बसून भांडलो ते भिंगानंही न दिसणाऱ्या मात्रांवरून. साखर बिचारी बाटलीत चमच्यांनी भरलेली, लेबलावर लिहिलेली, उघड्यावर उभी होती. तिला कुणी हाकसुद्धा मारली नाही. लपवलेल्या गोष्टीवर आपला जीव. समोर छापलेलं आपण वाचत नाही, आणि अक्षरही बारीक असतं.

कुणी लठ्ठपणावर बोलू लागला तर त्याला चालायला पाठवा. हा सल्ला शास्त्रीय आहे. अमेरिकेत ग्लोबल एनर्जी बॅलन्स नेटवर्क नावाची शास्त्रज्ञांची एक संस्था होती. लोक खाण्यापिण्याची नको तेवढी काळजी करतात, व्यायामाकडे बघा, असा तिचा सूर. २०१५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं छापलं की तिच्यामागे कोका-कोलाचा पैसा आहे, आणि वर्ष सरायच्या आत संस्थेला टाळं लागलं. संस्था गेली, सल्ला राहिला. तेव्हा एक बाटली प्यायलात की तासभर भरभर चाला. घाम आला की तहान लागेल. मग काय प्यायचं, ते तुम्हाला ठाऊक आहेच.

देशप्रेमी असाल तर प्रश्नच मिटला. १९७७ मध्ये जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना कोका-कोलानं गाशा गुंडाळला आणि जनता सरकारनं 'सत्त्याहत्तर' नावाचा स्वतःचा कोला काढला. सरकारनं कोला काढणं हा शब्दप्रयोग आजही भारदस्त वाटतो. थम्स अपही त्याच सालचं. १९९३ मध्ये कोका-कोला परतली आणि थम्स अप तिच्या घरात गेलं. आता २०२३ पासून कॅम्पा हा जुना देशी कोला पुन्हा बाजारात आहे, दहा रुपयांत २०० मिलिलिटर. साखर स्वदेशी बाटलीत उतरली की तिच्यातल्या कॅलरी गळून जातात. शिवाय ऊस आपला, कारखाने आपले, संचालक तर आपलेच आपले.

सरकार कर लावतं, नाही असं नाही. २०१७ पासून २८ अधिक १२ असा चाळीस टक्के, २०२५ पासून सरळ चाळीस. पण तो किमतीवर, साखरेवर नाही. बाटलीत दोन चमचे घाला की सोळा, दर तोच. ब्रिटननं २०१८ मध्ये साखरेच्या प्रमाणानुसार टप्प्याटप्प्यानं कर लावला, तर बऱ्याच कंपन्यांनी तिथली साखर मुकाट उतरवली. असला चहाटळपणा आपल्याला नको.

राहता राहिली मुलं. त्यांच्यासाठी २०२० चा नियम आहे: शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटरच्या आत मुलांना असले पदार्थ विकायचे नाहीत. तुम्ही टेप घेऊन जा आणि एकावन्नाव्या मीटरला उभे राहा. समोर किराणा दुकान असेल. पाटीवर कंपनीचं नाव हातभर, दुकानाचं बोटभर. आत काचेच्या दाराचा उंच फ्रिज, कंपनीनं फुकट दिलेला, अट एवढीच की आत फक्त कंपनीचा माल. आमच्या दुकानदाराला मी एकदा बाटली मागितली, तर त्यानं खाली वाकून मागच्या रांगेत हात घातला आणि चुकून भलतीच बाटली बाहेर आली. बिनलेबलाची, झाकण घट्ट लावलेली, आत पांढरं काहीतरी, वर कोथिंबिरीची दोन पानं तरंगत होती.

"ते नाही हो," म्हणत त्यानं घाईनं ती परत आत सरकवली. "बायकोनं ताक दिलंय. माझं आहे ते."