म्हणे स्पीकर लावला की शेकरू येतं!

तो ऑडिओ तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. आमच्याकडे मावशीने टाकला. खाली नेहमीसारखा जाड अक्षरातला मजकूर, थोडक्यात असा: हा अमेरिकेतल्या शिकाऱ्यांचा सीक्रेट आवाज आहे, खारीचं प्रेमगीत आहे, ऐकला की खार असेल तिथून धावत येते. खार ती खार, शेकरू म्हणजे आपली मोठी खार, तिलाही चालतो. भीमाशंकरला जाऊन ब्लूटूथ स्पीकरवर लावा, शेकरू दहा फुटांवर येऊन फोटो देईल. नुसता आवाज आहे, हात लावत नाही, त्यामुळे प्राण्याला त्रास नाही आणि कायद्याचंही काही लागत नाही. दोन नाणी घासली तरी चालतं. घराच्या गच्चीवरच्या खारी पळवायलाही हाच आवाज रामबाण. शेअर करा.

मावशी सकाळी गुलाबाचं फूल पाठवते, दुपारी कारल्याचा रस पाठवते, तिला काय बोलणार. पण खाली माझ्या भाच्याने लिहिलं "रविवारी निघतोय, स्पीकर चार्ज करून ठेवलाय, कोण कोण येतंय" आणि त्यावर बाकीच्या पोरांचे अंगठे. मग मात्र डोकं फिरलं. ग्रुपवर लिहिलं असतं तर मावशी रुसली असती म्हणून इथे लिहितोय, ज्याने त्याने आपापल्या भाच्याला पाठवावं.

आधी ते गच्चीचं बघू, कारण ते वाचून तरी कुणाची ट्यूब पेटायला हवी होती. एकच आवाज, जंगलात लावला की खार येते आणि गच्चीवर लावला की खार पळते? खारीला काय गुगल मॅप दिलाय का, आपण नक्की कुठे आहोत ते बघून ठरवायला? मजकूर लिहिणाऱ्याने दोन वेगवेगळे व्हिडिओ बघून एकाच खिचडीत टाकलेत आणि आपण ती पुढे वाढतोय.

आता प्रेमगीत. यावर जरा सविस्तर लिहितो कारण सगळ्या घोळाचं मूळ इथेच आहे. अमेरिकेत खारीची शिकार होते हे खरं आहे, आणि आवाज काढून होते हेही खरं आहे. तिकडे ईस्टर्न ग्रे स्क्विरल म्हणजे करड्या रंगाची खार, आणि तिच्याहून मोठी फॉक्स स्क्विरल, या दोघींची शिकार करतात, मांसही खातात, गावाकडची जुनी पद्धत आहे. त्यासाठी दुकानात मिळणाऱ्या वस्तू मुख्यतः दोन. एक म्हणजे रबराचा छोटासा भाता, मुठीत मावेल एवढा, त्याच्या तोंडाशी पेटीत असते तशी रीड. भाता तळहाताने टकटक दाबला की आतून कुत्र्याच्या पिल्लाने खोकावं तसा "कक् कक् कक्" असा आवाज येतो. हा खारीचा ओरडा. ती असं ओरडते कधी, तर मांजर दिसलं, कोल्हा दिसला, काहीतरी संशयास्पद हललं की. शिकारी झाडाला पाठ टेकून बसतो, भाता वाजवतो, आणि पानांत दडून बसलेल्या दुसऱ्या खारीला वाटतं बाबा कुणीतरी धोका बघितलाय, म्हणून तीही ओरडायला लागते, शेपटी झटकायला लागते. शिकाऱ्याला तेवढंच पाहिजे असतं, ती कुठल्या फांदीवर आहे ते कळलं. बऱ्याचदा ती जवळ येतच नाही, ती फक्त स्वतःचा पत्ता देते.

दुसरी वस्तू शिट्टी. ही शिट्टी फुंकत नाहीत, तोंडात धरून हवा आत ओढतात, आणि त्यातून पिल्लाची किंकाळी निघते. ससाण्याने पिल्लू पंजात धरलंय आणि ते जिवाच्या आकांताने ओरडतंय, असा तो आवाज. शिकारी नुसती शिट्टी वाजवून थांबत नाही, एका हातात पानांची फांदी घेतो आणि ती जमिनीवर सपासप झोडतो, म्हणजे पंखांची झटापट चाललीय असं वाटावं. हे सगळ्यात चांगलं चालतं तिकडचा उन्हाळा सरता सरता, जेव्हा त्या वर्षीची पिल्लं नुकतीच घरट्याबाहेर पडून हिंडायला लागलेली असतात. मोठ्या खारी मग आडोसा सोडून बाहेर येतात, चिडून ओरडतात, एखादी बुंध्यावरून खालीही उतरते. आणि बंदुकीच्या टप्प्यात येते.

हेडफोन लावून मावशीचा ऑडिओ ऐका. सुरुवातीला तो कक् कक् ओरडा आहे, आणि नंतर जो बारीक, चिरका, मधेच तुटणारा आवाज येतो ना, तो पिल्लाच्या किंकाळीचा आहे. हे प्रेमगीत! करड्या खारींचे मीलनाच्या दिवसातले आवाज असतात, नाही असं नाही, नर मादीच्या मागे फिरताना वेगळा हळू आवाज काढतो, पण भात्यातून आणि शिट्टीतून जे येतं ते ते नव्हे.

यासाठी अमेरिकेला जायची पण गरज नाही. आपल्या दारातल्या आंब्याखाली मांजर येऊन बसलं की वरची खार कशी अर्धा अर्धा तास "चिर्र चिर्र चिक् चिक्" करत शेपटी आपटते, ते ऐकून कुणी म्हणतं का अगं बाई किती आनंदात गातेय?

पुढचा मुद्दा, "खार ती खार, शेकरूलाही चालतो." नाही चालत. तिकडची करडी खार, आपली पाठीवर पट्टे असलेली खार आणि शेकरू, या तिघींचं कुळ एक असलं तरी उपकुळं तीन वेगवेगळी आहेत. शेकरूचं शास्त्रीय नाव रतूफा इंडिका, आकाराने म्हणाल तर मोठा बोका, वजन दोन किलोपर्यंत, शेपूट अंगापेक्षा लांब, आणि सगळं आयुष्य झाडाच्या शेंड्यात, जमिनीवर क्वचित. त्याचा स्वतःचा आवाज खडखडाट केल्यासारखा, लांबवर जाणारा. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या ओकच्या झाडावरचा ओरडा ऐकून ते "आली गं माझी" म्हणत धावत येईल ही कल्पना फक्त मोबाईलवरच सुचू शकते.

हां, एक मान्य करतो, नाइलाजाने. स्पीकर लावल्यावर शेकरू दिसू शकतं. अनोळखी कर्कश आवाज झाला तर कुठलाही प्राणी दचकून हलतो, मान वर करतो, एखाद वेळी ओरडतो, आणि हललं की आपल्याला दिसतं. पण मग पुढे काय होतं? धोका वाटला की शेकरूची सवय अशी की ते पळण्याऐवजी फांदीला अंग चिकटवून सपाट होऊन पडतं, अजिबात हलत नाही, मोरघारीसारखा पक्षी वर घिरट्या घालत असेल तर तोच बचाव. खाली उभ्या असलेल्या पोरांना वाटतं व्वा, काय पोज दिली राव. धडाधड फोटो. रीलखाली "शेकरू शांत बसून ऐकत होतं" असं कॅप्शन. अरे ते ऐकत नव्हतं, ते जीव मुठीत धरून पडलेलं होतं आणि तू आवाज बंद करेपर्यंत पडून राहणार होतं.

आणि यावरूनच सगळ्यात घातक वाक्य, "नुसता आवाज आहे, त्रास नाही." याच वाक्यामुळे हे चांगल्या घरातली, प्राण्यांवर प्रेम करणारी मंडळी पण पुढे पाठवतायत. नुसता आवाज खारीला काय करतो हे लोकांनी मुद्दाम तपासून बघितलंय. ओहायोतल्या ओबर्लिन कॉलेजच्या संशोधकांनी २०१९ साली प्लॉस वन या जर्नलमध्ये एक अभ्यास छापला. बागांमधल्या आणि वस्तीतल्या ५४ करड्या खारींना त्यांनी रेड टेल्ड हॉक या शिकारी पक्ष्याचं रेकॉर्डिंग ऐकवलं. पक्षी नाही, सावली नाही, नुसता स्पीकर. खारी सावध झाल्या, जागच्या जागी थिजणं, वर बघत राहणं, पळणं, हे वाढलं. मग पुढची तीन मिनिटं काही खारींना बाकीच्या छोट्या पक्ष्यांची नेहमीची बडबड ऐकवली आणि काहींना नुसते आजूबाजूचे आवाज. बडबड ऐकलेल्या खारी लवकर निवांत झाल्या. म्हणजे ज्या अर्थी बाकीचे पक्षी बिनधास्त बोलतायत त्या अर्थी धोका टळलाय, एवढा हिशोब ती खार कानाने करते. तिच्यासाठी आवाज म्हणजे बातमी आहे. आता अशा प्राण्याच्या डोक्यावर तुम्ही स्पीकरवरून "पिल्लू मेलं, पिल्लू मेलं" अशी खोटी बातमी लूपवर लावणार आणि म्हणणार मी हात कुठे लावला? अभ्यास करड्या खारींचा आहे, शेकरूचा नाही, हे मीच सांगतो, नाहीतर कमेंटमधे कुणीतरी सांगेलच. पण शेकरू झाडावर राहतं, दिवसा हिंडतं, वरून घार आणि खालून बिबट्या, त्याला कान कमी लागत असतील असं मानायला काही कारण नाही. त्यात शेकरूची मादी एका वेळी बहुधा एकच पिल्लू घालते. ती घरट्याजवळ असताना खाली हे सुरू झालं तर काय, याचा विचार फॉरवर्डवाल्याने केलेला नाही. आणि स्पीकर एक नसतो हो. सुट्टीच्या दिवशी तिथल्या जंगलातल्या 'गुप्त भीमाशंकर' या ठिकाणाच्या वाटेवर माणसांची रांग असते, त्यातल्या दर दहाव्या माणसाने जरी हा प्रयोग केला तरी त्या झाडावरच्या प्राण्याचा अख्खा दिवस गेला.

नाण्यांचं म्हणाल तर ते अर्धं खरं आहे. तिकडे शिकारी एका नाण्याची खाचांची कड दुसऱ्या नाण्यावर घासतात, त्याने खार हिकरीचं, म्हणजे तिकडच्या अक्रोडासारख्या एका फळाचं, कवच कुरतडतेय असा आवाज येतो आणि दुसरी एखादी खार इथे खायला आहे वाटतं म्हणून बघायला येऊ शकते. पण ते शांत जंगलात हिकरीच्या झाडाखाली तासभर न हलता बसून. आपल्याकडे पाठीमागे "ए थांब ना, सेल्फी काढू" चालू असताना रुपयाची दोन नाणी घासून काही होणार नाही, नाणी तेवढी झिजतील.

आता कायदा. तिकडेसुद्धा हे मोकाट नाही, लायसन लागतं, हंगाम ठरलेला असतो, मिसुरी राज्यात उदाहरणार्थ दिवसाला दहाच्या वर खारी मारता येत नाहीत. आपल्याकडे शेकरू महाराष्ट्राचा राज्यप्राणी, भीमाशंकर १९८५ पासून अभयारण्य, आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात शिकारीच्या व्याख्येत नुसतं मारणं नाही, पकडणं, हाकणं, आमिष दाखवणं आणि यातल्या कशाचाही प्रयत्न, हे सगळं येतं. आवाज लावून फोटो काढणं यात बसतं का यावर वकील भांडतील, भांडू देत. पण त्याच कायद्याचं कलम २७, पोटकलम ४, त्यात सरळ लिहिलंय की अभयारण्यात कुणीही वन्यप्राण्याला छेडायचं नाही, सतवायचं नाही. किंकाळीची क्लिप लावणं ही छेड नसेल तर मग छेड म्हणजे काय, हे वनरक्षकाला समजावून सांगायची ज्यांची तयारी असेल त्यांनी खुशाल स्पीकर न्यावा.

शेकरू बघायचं असेल तर ते एवढं अवघड पण नाहीये. भल्या सकाळी जा, उजाडताना. वाटेवर खाली बघत चाला, अर्धवट कुरतडलेली फळं, कोवळ्या सालीचे तुकडे, नुकतीच पडलेली हिरवी पानं दिसली की तिथेच थांबायचं आणि मग वर बघायचं. जिथे दोन झाडांच्या फांद्या वर एकमेकींत गुंतल्यात तिथे काटक्या आणि पानांचा मोठा गोळा दिसेल, ते घरटं, एकच शेकरू अशी बरीच घरटी बांधून ठेवतं त्यामुळे प्रत्येकात कुणी असेलच असं नाही. गप्प उभं राहिलं की आधी फांद्या हलल्याचा आवाज येतो, मग ती तपकिरी तांबूस शेपटी लोंबताना दिसते. दर्शन उरकून, भजी खाऊन दुपारी बाराला जंगलात शिरलात तर मात्र काही दिसणार नाही, त्या वेळी ते वर फांदीवर हातपाय पसरून झोपलेलं असतं.