मधमाशी पाहून चाकूचं गाव ठरत नाही

फ्रेंच घडीच्या चाकूंबद्दल एक मजकूर सगळीकडे फिरतो आहे: ‘पात्यावर लायोल हे नाव आणि स्प्रिंगवर, म्हणजे मुठीच्या पाठीवरच्या धातूच्या पट्टीवर, मधमाशीची आकृती असेल तर चाकू लायोल गावातच बनलेला. मधमाशी नेपोलियनने बहाल केलेली. ती वेगळी जोडलेली दिसली की माल चिनी.’ यातलं एकही विधान टिकत नाही.

नेपोलियन १८२१ मध्ये वारला. लायोलचा चाकू तिथले कारागीर पिएर-जां कालमेल्स यांचा, १८२९चा मानला जातो. मधमाशी तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रूढ झाली.

गावाचा मुद्दा जास्त महत्त्वाचा, कारण त्यात तिएरवर अन्याय होतो. लायोलच्या उत्तरेला सुमारे १४० किलोमीटरवर, डोंगरउतारावर वसलेलं हे गाव शतकानुशतकं चाकूंवर जगलं. खाली द्युरोल नदी खडकांतून वेगाने उतरते. तिच्या पाणचक्क्यांवर सहाणी फिरत आणि धार लावणारे फळीवर पालथे पडून पातं सहाणीवर दाबत. गारठ्यात ऊब राहावी म्हणून पायांवर कुत्रा बसवत. वर लाकडी सांगाड्याच्या जुन्या घरांच्या चढत्या गल्ल्या आहेत. पंधराव्या शतकातला पिरूचा वाडा त्यांतलाच. घडाई, धार, पॉलिश, जुळणी ही कामं वेगवेगळ्या हातांत वाटलेली होती. त्यामुळेच मागणी वाढली तेव्हा लायोल धाटणीचे चाकू तिएरने भराभर पुरवले. खुद्द लायोलमध्ये विसाव्या शतकात हा धंदा जवळजवळ बंद पडला होता. १९८७ मध्ये तिथे नवा कारखाना उभा राहिला. छतावर भलंमोठं पातं असलेली त्याची इमारत डिझायनर फिलिप स्टार्क यांनी आखलेली. तेव्हा तिएरचा लायोल नकली नव्हे. उलट, नुसतं ‘लायोल’ कोरलेले चाकू चीन आणि पाकिस्तानातूनही येतात. म्हणून पात्यावर कारखान्याचं नाव शोधा.

मधमाशी स्प्रिंगमधूनच घडवणं महाग पडतं, म्हणून चांगले फ्रेंच कारखानेही ती वेगळी जोडतात. पारख करायची तर चाकू उघडून पातं आडवं हलवा. डुगडुगलं तर जुळणी सैल आहे. मिटल्यावर ते मुठीच्या दोन्ही बाजूंच्या बरोबर मध्ये बसायला हवं. उजेडासमोर धरा: स्प्रिंग आणि मूठ यांच्यात फट दिसू नये. मूठ जोडणारे खिळे, म्हणजे रिव्हेट, बोटाला लागू नयेत.

आणि पातं कधीही खटकन मिटू देऊ नका. पुष्कळ लायोलमध्ये धार आत स्प्रिंगवर आपटते आणि तिथेच बोथट होते. हाताने धरून हळू मिटवा. डिशवॉशरमध्ये टाकू नका. शिंगाची मूठ तडकते, लाकडी फुगते. धुऊन लगेच पुसा, सांध्यात तेलाचा एक थेंब सोडा.