विवाहित फादरांविषयी खुलासा

अँग्लिकन पंथातून (चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतून) कॅथलिक चर्चमध्ये आलेल्या विवाहित फादरांकडे बोट दाखवून ‘कॅथलिक चर्चने ब्रह्मचर्याची अट रद्द केली’ असे सांगितले जाते. ते खरे नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८० मध्ये अमेरिकेपुरती अशा धर्मगुरूंना विवाहित असूनही फादर होण्याची सवलत दिली आणि सोळावे बेनेडिक्ट यांनी २००९ मध्ये तिचा विस्तार केला. तरीही प्रत्येकाला स्वतंत्र परवानगी लागते, आणि पत्नी निवर्तल्यास पुनर्विवाह करता येत नाही.

त्यांचा ‘पुन्हा बाप्तिस्मा’ होतो, हीदेखील गैरसमजूतच. मूळ बाप्तिस्मा ग्राह्य धरला जातो. गुरुदीक्षा (धर्मगुरू होण्याचा विधी) मात्र नव्याने घ्यावी लागते, कारण पोप तेरावे लिओ यांनी १८९६ मध्ये अँग्लिकन गुरुदीक्षा अवैध ठरवली होती. पोपना मानणाऱ्या, पण पूर्वेकडील स्वतःची परंपरा पाळणाऱ्या अनेक पौर्वात्य कॅथलिक चर्चमध्ये तर विवाहित धर्मगुरूंची परंपरा जुनीच आहे.