नळाला पाणी येतं, पण प्यायचं कसं?

पुन्हा तेच! नळ सोडला की आधी फुसफुस हवा, मग तांबूस पाणी. कळशीच्या तळाशी बोट फिरवा, गाळ हाताला लागतो. हेच पोरांना पाजायचं?

गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, तरी आम्ही पाण्यासाठी पहाटे उठायचं! २०१९ च्या ऑगस्टमध्ये खांडेपारला जलवाहिनी फुटली, तेव्हा भर पावसात पणजी-फोंड्याची माणसं टँकरमागे धावत होती. शिकलं कोणी काही?

पाणी खात्याकडे तक्रार केली की एकच उत्तर, "उकळून प्या." अहो, उकळून जंतू मरतील, लोह, मँगनीज कुठे जाणार? आणि रोज एवढा गॅस कोणी जाळायचा? खरं दुखणं वेगळंच आहे. पुरवठा बंद झाला की पाइपातला दाब उतरतो आणि गटाराशेजारच्या फुटक्या सांध्यातून घाण आत ओढली जाते. म्हणजे प्रकल्पात शुद्ध केलेलं पाणी दारात येईपर्यंत नासतं! आणि प्युरिफायर आम्हीच घ्यायचा, कँडल आम्हीच बदलायची, वर बिलही वेळेत भरायचं!

आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार ग्राहकाच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन, म्हणजे जंतू मारायला शिल्लक राहिलेलं क्लोरीन, हवं. मग या ना आमच्या दारात, आमच्या नळाखाली बाटली धरा, तपासा आणि आकडा गल्लीत लावा!